घरबांधणीच्या श्रमदानासाठी स्वयंसेवक नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी परवडणारी घरे उभारणाऱ्या संस्थांना बांधकामाच्या जागेवर राबणारे हात लागतात आणि त्यांतले बरेचसे स्वयंसेवकांचे असतात. या क्षेत्रातील सर्वांत परिचित संस्था म्हणजे ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’. मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात तिची स्थापना केली आणि १९८४ पासून माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर व त्यांच्या पत्नी रोझलिन स्वतः हातोडा घेऊन कामावर उतरू लागल्यावर तिचे नाव दूरवर पोहोचले. पुढील माहिती मुख्यतः या संस्थेच्या कार्यपद्धतीवर आधारलेली आहे. बारीकसारीक नियम स्थानिक शाखा ठरवते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या शाखेच्या सूचना वाचून घ्याव्यात.

स्वयंसेवकाचा अर्ज आणि घर मिळण्यासाठीचा अर्ज ही दोन अगदी वेगळी प्रकरणे आहेत. श्रमदान केल्याने कोणाचाही घरावर हक्क निर्माण होत नाही. घरासाठी कुटुंबाची निवड करताना त्याची निवाऱ्याची गरज, परवडणारे हप्ते फेडण्याची क्षमता आणि संस्थेच्या बरोबरीने काम करण्याची तयारी या तीन बाबी पाहिल्या जातात. घर फुकट दिले जात नाही. शिवाय निवड झालेल्या कुटुंबाला स्वतःच्या आणि इतरांच्या घरांच्या बांधकामावर ठरावीक तास काम करावे लागते. याला ‘घामाचा वाटा’ म्हणता येईल. अनेक शाखांमध्ये नातेवाईक व मित्रांनी केलेल्या कामाचे काही तास कुटुंबाच्या या वाट्यात धरले जातात, त्यामुळे एखाद्या कुटुंबाच्या वतीने येणाऱ्याने हजेरीच्या नोंदीत त्या कुटुंबाचे नाव लिहायला विसरू नये. तास नंतर वळते करून घेणे कटकटीचे होते.

पात्रतेबाबत लोक ज्या अटीची सर्वाधिक धास्ती घेतात, ती अट मुळात नाहीच. बांधकामाचा पूर्वानुभव लागत नाही. विटा पोहोचवणे, रंगकाम करणे, खिळे ठोकणे, राडारोडा उचलणे अशी कामे जागेवरचा प्रमुख समजावून देतो आणि ती नवख्यालाही जमतात. वायरिंग किंवा नळजोडणीसारखी कामे सहसा परवानाधारक कारागिरांकडेच असतात. वयाची अट मात्र कडक आहे. बांधकाम चालू असताना १६ वर्षांखालील मुलांना जागेवर प्रवेश नसतो, आणि १६ व १७ वर्षांच्या मुलांना विजेवर चालणारी हत्यारे वापरणे, पाडकाम करणे किंवा छतावर चढणे यांसारखी जोखमीची कामे दिली जात नाहीत. ‘आमचा मुलगा धीट आहे’ या सबबीवर सवलत मागू नये. हा प्रश्न धीटपणाचा नसून कायद्याचा आणि विम्याचा आहे. ज्यांना जड वजन उचलणे शक्य नाही त्यांच्यासाठी कार्यालयीन मदत, भोजनव्यवस्था किंवा देणगीत आलेले साहित्य विकणाऱ्या दुकानातील काम असे पर्याय बहुधा उपलब्ध असतात.

कागदपत्रांची यादी लांब नसते. ओळख व वयाचा पुरावा, आपत्कालीन प्रसंगी संपर्क साधावयाच्या व्यक्तीचा तपशील आणि अर्जदार अल्पवयीन असल्यास पालकांचे सहीचे संमतिपत्र एवढ्यावर काम भागते. लहान मुलांशी किंवा पैशांच्या व्यवहाराशी संबंध येणाऱ्या जबाबदाऱ्यांसाठी पार्श्वभूमीची पडताळणी केली जाऊ शकते.

यांखेरीज एक कागद असा आहे की ज्यावर बहुतेक जण न वाचताच सही करतात, आणि वास्तविक सर्वांत लक्षपूर्वक वाचायचा तोच असतो : जोखीम-स्वीकृतीचे पत्र. कामाच्या ठिकाणी दुखापत होऊ शकते याची मला जाणीव आहे आणि तशा दुखापतीसाठी मी संस्थेवर दावा करणार नाही, असा त्याचा साधारण आशय असतो. सही करण्यापूर्वी संस्थेचा अपघात विमा स्वयंसेवकांना लागू आहे का, असल्यास किती रकमेपर्यंत, आणि स्वतःच्या आरोग्य विम्यातून खर्च भागवावा लागेल का, हे सरळ विचारावे. त्याच पत्रात छायाचित्रे प्रसिद्ध करण्याची परवानगीही बऱ्याचदा घातलेली असते. ती नको असल्यास सही करण्यापूर्वी तसे सांगावे. आरोग्यविषयक प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. चक्कर येणे, दमा, पाठीचे दुखणे लपवल्यास शिडीवर उभे राहण्याचे काम नेमके त्याच व्यक्तीच्या वाट्याला येण्याची शक्यता असते. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली आहे की नाही, हेही तपासून घेणे शहाणपणाचे आहे.

नोंदणी सामान्यतः शाखेच्या संकेतस्थळावर होते. अर्ज भरून पत्रावर सही केल्यावर उपलब्ध दिवसांपैकी एक दिवस आणि पाळी निवडायची असते. कंपनी, महाविद्यालय किंवा मंडळाचा गट असेल तर एका व्यक्तीने गटप्रमुख म्हणून जागा राखून ठेवावी, परंतु जोखीम-स्वीकृतीच्या पत्रावर प्रत्येकाची स्वतंत्र सही लागते. आयत्या वेळी गटात आलेल्या पाहुण्याला सहीअभावी जागेवर घेता येत नाही.

ठरलेल्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी सुरक्षिततेची माहिती देणारी बैठक असते. उशिरा पोहोचणाऱ्याला ती चुकते आणि ती चुकल्यास काम दिले जात नाही, म्हणून वेळेआधी पोहोचावे. पुढून बंद असलेले मजबूत बूट स्वतःचे आणावे लागतात. हेल्मेट आणि संरक्षक चष्मा बहुधा संस्थाच देते. सैल ओढण्या, लोंबणारे दागिने आणि चप्पल घालून आलेल्यांना परत पाठवले जाते. येणे जमणार नसेल, तर शक्य तितक्या आधी नोंदणी रद्द करावी, कारण त्या दिवसाचे साहित्य आणि देखरेख करणारी माणसे नोंदवलेल्या संख्येनुसार ठरवलेली असतात.