बजरीगरच्या मडक्यामागचा दुष्काळ

गेल्या ज्येष्ठात माझ्याकडच्या बजरीगर पोपटांतली हिरवी मादी अंडी घालायच्या मडक्यातच मेली. अंडी घालायची सलग चौथी वेळ होती तिची, मधे एकदाही मी मडकं काढलं नव्हतं, वाटायचं घालतेय अंडी तर घालू दे की, खायला भरपूर आहे, जागा आहे, अडचण काय. सकाळी बघतो तर पिसं फुगवून शेपूट खाली टाकून बसलेली, दुपारपर्यंत संपली. अंडं आत अडकलं होतं. गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, पक्ष्यांचा वेगळा डॉक्टर कुठून आणायचा, त्यांनी एकच विचारलं, "किती महिने झाले मडकं लावून?" मी म्हटलं वर्ष होत आलं. ते काही बोललेच नाहीत.

त्यानंतर हा पक्षी मुळात कुठला, कसा राहायचा, आपल्यापर्यंत कसा आला हे वाचत बसलो, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. घरात आपण याला सगळं देतो, दुष्काळ तेवढा देत नाही, आणि याचं सगळं शरीर दुष्काळावर बेतलेलं आहे. बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळला, नाहीतर खानापूर-निपाणीला जे कोणी टेरेसवर जाळी मारून हे पक्षी पाळतात त्यांनी ही पार्श्वभूमी माहीत करून घ्यावी असं मनापासून वाटतंय, म्हणून लिहितोय.

आधी नावाचं बघूया. आपल्याकडे सगळे याला लव्हबर्ड म्हणतात, दुकानदार पण तेच सांगतो, पण हा लव्हबर्ड नाही. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, जाड चोचीचे. हा बजरीगर, ऑस्ट्रेलियाचा, लांब शेपटीचा, जेमतेम १८ सेंटिमीटर लांब आणि तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा. जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये याची पहिली शास्त्रीय नोंद केली, त्याने दिलेल्या नावातला 'अंड्युलेटस' म्हणजे लाटालाटांचा, पाठीवरच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांवरून. पुढे १८४० मध्ये जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने 'मेलोप्सिटॅकस' हा नावाचा पहिला भाग दिला, म्हणजे गाणारा पोपट. बजरीगर हा शब्द मात्र तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला, इंग्रजांच्या तोंडी पडून असा झाला.

आता याचं घर. ऑस्ट्रेलियाचा मधला सगळा भाग कोरडा, कधी पाऊस पडेल याचा नेम नाही, एखाद्या भागात वर्ष दोन वर्ष काही नाही आणि मग एकदम झोडपून काढतो. आपल्याकडे धनगर कशी मेंढरं घेऊन पावसामागे, चाऱ्यामागे फिरतात, आज इथं वाडा तर महिन्याभराने चार गावं पलीकडे, तसेच हे पक्षी हजारोंच्या थव्याने फिरतात. पाऊस झाला, गवताला दाणा धरला की तिथेच थांबायचं, निलगिरीच्या झाडाची ढोली शोधायची, घरटं बिरटं काही बांधायचं नाही, ढोलीतल्या भुश्यावरच अंडी घालायची आणि दाणा आहे तोवर एकामागून एक पिल्लं काढून घ्यायची. कारण दाणा संपला की खेळ संपला. त्यामुळे पिल्लंसुद्धा तीन-चार महिन्यांत वयात येतात, वाट बघायला वेळच नसतो त्यांना. पाणी आटलं, गवत वाळलं की सगळं आपोआप बंद, थवा पुढे.

म्हणजे थांबवणारा दुष्काळ असायचा. मादीच्या आत स्वतःहून थांबायचं बटण फारसं नाहीच. आपल्या टेरेसवर वाटी रोज भरलेली, पाणी ताजं, अंधारं मडकं कायम टांगलेलं, म्हणजे तिच्या लेखी बारा महिने पाऊसच पडतोय. ती घालत राहते, कवचासाठी हाडातलं कॅल्शियम जात राहतं, आणि एक दिवस अंडं बाहेर ढकलायला अंगात ताकद उरत नाही. माझ्या हिरवीचं हेच झालं.

बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला तर हे सहज कळायला पाहिजे. अथणीकडचा माणूस आभाळाकडे बघत बसतो आणि त्याच वेळी खानापूरच्या जंगलात पाऊस थांबता थांबत नाही, जिल्हा एकच. बजरीगर हा अथणीच्या वळणाचा पक्षी, आपण त्याला खानापूरच्या पावसात आणून ठेवलाय.

बाहेर कसा आला ते पण बघण्यासारखं आहे. गूल्ड १८३८ मध्ये बायकोसोबत, एलिझाबेथसोबत ऑस्ट्रेलियाला गेला, पक्ष्यांची चित्रं आणि माहिती गोळा करायला. तिचे भाऊ तिथे आधीच स्थायिक झालेले, त्यातल्या चार्ल्स कॉक्सनने हे पक्षी वाढवलेले होते. १८४० मध्ये गूल्ड परतला तेव्हा जिवंत बजी, म्हणजे बजरीगरच, घेऊन इंग्लंडला पोचला. एवढ्या महिन्यांच्या बोटीच्या प्रवासात बाकी कितीतरी पक्षी मरायचे, हा दाणे खाऊन तगला, कारण तगणं हाच त्याचा धंदा. मग बोटी भरभरून पक्षी यायला लागले, युरोपात पिंजऱ्यात अंडी पण घालायला लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये तुलूझ गावाकडे हजारोंनी पैदास करणाऱ्या मोठ्या जाळ्या उभ्या राहिल्या. पिल्लं उडायच्या वयात येतात आणि पंखाची शेपटीची मोठी पिसं गळून पडतात, नुसती जमिनीवर पळत राहतात, त्या आजाराला आजही 'फ्रेंच मोल्ट' म्हणतात, ते नाव फ्रान्समधून आलेल्या पक्ष्यांवरून पडलं असं मानतात. गर्दी करून, सुट्टी न देता काढलेल्या पिल्लांचा तो आजार. नंतर कळलं की त्यामागे बहुतेक वेळा व्हायरस असतो, पण दमलेल्या आईबापांच्या गर्दीत तो फोफावतो हे आपल्याकडच्या जाळ्यांत पण दिसतं.

रंगांची गोष्ट वेगळी. जंगलातला बजी हिरवाच. पिवळा १८७० च्या दशकात बेल्जियममध्ये निघाला, निळा पण तिथेच, साधारण १८८० च्या आसपास. निळा १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ठेवला तेव्हा लोक वेडे झाले, पुढे १९२० च्या दशकात जपानमध्ये निळ्या जोडीला इतकी मागणी आली की भाव आभाळाला भिडले आणि मग तसेच कोसळले. इंग्लंडमध्ये पाळणाऱ्यांचा क्लब १९२५ मध्ये निघाला. निळा का होतो याचं नेमकं उत्तर तर २०१७ मध्ये मिळालं. पिवळा रंग बनवणाऱ्या एका जनुकात एक छोटा बदल झालेला असतो, पिवळा बनतच नाही, हिरव्यातून पिवळा वजा केला की निळा उरतो. दोन्ही आईबापांकडून तो बदल आला तरच पिल्लू निळं. माझ्या दोन हिरव्यांच्या पोटी निळं पिल्लू निघालं तेव्हा शेजारच्या काकूंना वाटलं मी नवीन आणून ठेवलं, पण दोघंही 'स्प्लिट' होते, म्हणजे दिसायला हिरवे पण निळ्याचा बदल आत लपलेला, अशा जोडीत चारातलं एक निळं निघायची शक्यता असते.

आणि त्या पिवळ्याबद्दल अजून एक, २००२ मध्ये दाखवून दिलं की डोक्यावरची पिवळी पिसं अतिनील प्रकाशात चमकतात आणि जोडीदार निवडताना ते बघितलं जातं. म्हणून नुसत्या ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या पक्ष्यांपेक्षा सकाळचं कोवळं ऊन मिळणाऱ्या जाळीतल्या जोड्या बऱ्या जमतात असं मला वाटतं, हा माझा अनुभव धरा.

जोडी जमण्यावरून आठवलं. कित्येक जण एकच जोडी आणतात आणि वर्षभर वाट बघतात, अंडंच नाही. बार्बरा ब्रॉकवे या संशोधक बाईंनी १९६० च्या दशकात यावर काम केलं, नराची ती सतत चाललेली हळू किलबिल मादीच्या कानावर पडली की तिचं अंडाशय तयार व्हायला लागतं. थव्याचा पक्षी तो, चार जोड्यांचा आवाज आला की त्याला वाटतं दिवस चांगले आहेत. आमच्या वडगावात तर विणकरांची घरं, दिवसभर पॉवरलूमचा खडखडाट, माझी पहिली जाळी मागाच्या भिंतीला लागूनच होती, दोन वर्ष काही नाही. जाळी टेरेसवर नेली, अजून दोन जोड्या आणल्या, दीड महिन्यात पहिलं अंडं.

भारतात याला एवढं महत्त्व का आलं यात कायद्याचा मोठा हात आहे. आधी घरोघरी राघू असायचा, आज्जी मिठू मिठू करायची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, मग १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली, राघू पाळणं गुन्हा आहे हे हळूहळू लोकांना कळायला लागलं, आणि ते बरोबरच आहे, त्या पिल्लांना ढोली फोडून काढायचे. पिंजरा ठेवणाऱ्या माणसाला मग परदेशी आणि पिंजऱ्यातच जन्मलेला पक्षी उरला. बजरीगर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स करारातल्या याद्यांमध्ये नाही, बहुतेक सगळे पोपट त्यात आहेत, त्यामुळे परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे जे नवे नियम २०२४ मध्ये आले त्यात मकाव, ग्रे पॅरट येतात, हा येत नाही. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्येच आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली, म्हणजे आपल्याकडचा बजी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातलाच. म्हणूनच भाऊ-बहिणीची जोडी लावू नका, रक्त आधीच जवळचं आहे.

आणि मडकं. परदेशात लाकडी पेटी लावतात, आपल्याकडे कुंभाराचं मडकं, बाजूला भोक पाडलेलं, तारेने टांगलेलं. मला हे फार आवडतं, कारण खानापूर म्हणजे मातीचंच गाव, कौलं, मडकी, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्था पण तिथेच. ऑस्ट्रेलियाच्या ढोलीचं काम खानापूरची माती करतेय. मडकं गोल असल्याने अंडी मधे गोळा राहतात, पण आतून गुळगुळीत असतं, पिल्लांचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि मग तो पक्षी आयुष्यभर नीट बसू शकत नाही. ढोलीत भुसा असतो, तसा मडक्यातही दोन बोटं लाकडाचा भुसा घालायचा.

खाणं पण तसंच जमून गेलंय. तिथे रानगवताचं बी, इथे राळे. आपण राळे म्हणतो, कन्नड बोलणारे नवणे म्हणतात, दुकानदार कांगणी म्हणतो, धान्य एकच. आता सिरिधान्य, म्हणजे भरडधान्य, म्हणून माणसं पण पाकिटातून विकत घेतात. पिल्लं असताना नुसत्या राळ्यावर भागत नाही, भिजवून मोड आणलेलं धान्य, उकडलेलं अंडं, शेवग्याचा पाला, आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा कायम जाळीला बांधलेला.

अंडी एक दिवसाआड, चार ते सहा. मादी पहिल्या दुसऱ्या अंड्यापासूनच बसते, १८ दिवसांनी फुटतं, त्यामुळे पिल्लं पण एक दिवसाआड निघतात आणि मोठं पिल्लू पिसं फुटायला आलेलं असताना धाकटं अजून उघडं, डोळे मिटलेलं. नवीन माणूस हे बघून घाबरतो, धाकटं चिरडणार म्हणून हात घालतो. नका घालू. जंगलात दाणा कमी पडला तर निदान थोरली जगावीत अशी ही सोय आहे, दाणा भरपूर असेल तर मादी सगळ्यात लहान पिल्लालाही बरोबर शोधून भरवते. दिवसातून एकदा बघायचं, गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली आहे का, मेलेलं काही आत आहे का, बस. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात, महिना-पाच आठवड्यांत बाहेर येतात, त्यानंतरही आठ दहा दिवस बाप भरवतो, तोवर वेगळं करायचं नाही.

मला एकदा दुकानात 'रनिंग जोडी', म्हणजे अंडी-पिल्लं देणारी जोडी, म्हणून कपाळावर चोचीपर्यंत पट्टे असलेली दोन पिल्लं दिली होती. पट्टे म्हणजे पहिली पिसं अजून गळाली नाहीत, तीन-चार महिन्यांच्या आतलं वय. जंगलात ती लवकर जोडी लावतील, तिथे वर्षात दाणा मिळेलच असं नाही, इथे घाई कशाला, दहा-बारा महिन्यांची होऊ द्या.

आता मी वर्षात दोनच वेळा पिल्लं घेतो. आपल्या चार महिन्यांच्या पावसात दाणा बुरसतो, मडकी ओली राहतात, त्यात अंगावर किडे पडतात, तेव्हा जाळीला ताडपत्री आणि आत मडकं नाही. मृगाआधी मडकी उतरवली, उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवून जिन्याखाली पालथी ठेवलीत. अंड्याचं खाणं बंद, फक्त धान्य आणि पाला. नर अजून मादीच्या कानाशी लागून बडबडतोय, ती मडक्याच्या रिकाम्या तारेपाशी जाऊन चोच मारून येते. दसरा झाला की लावणार.