अल्सासच्या द्राक्षबागा आणि व्होजचे घाट: एका सायकल सहलीची पार्श्वभूमी

फ्रान्सच्या ईशान्येला, ऱ्हाइन नदी आणि व्होज पर्वत यांच्यामध्ये अल्सासचा चिंचोळा पट्टा आहे. इथली आठवडाभराची, गाइडसोबतची सायकल सहल आता ठरल्यासारखी झाली आहे. काही दिवस द्राक्षबागांमधून, एक-दोन दिवस डोंगरमाथ्यावर, संध्याकाळी हॉटेलात पोचेपर्यंत सामान आधीच खोलीत. आखणी इतकी सहज वाटते की कुणी पर्यटकांसाठी नकाशा समोर ठेवून ती केली असावी. पण यातला माथ्यावरचा रस्ता सैन्याने बांधला, खालचा वाइन खपावी म्हणून जाहीर झाला, आणि चढावर पाय टिकेल असे गिअर शर्यतीच्या सायकलीला मिळायला कित्येक वर्षांचे भांडण लागले. हा इतिहास ठाऊक असला की कुठे पाणी मिळणार नाही आणि कुठे ट्रॅक्टर आडवा येईल हेही कळते.

आधी डोंगर. व्होजचा माथा १२०० ते १४०० मीटर उंच. सर्वोच्च शिखर ग्राँ बालों, १४२४ मीटर. अटलांटिककडून येणारे ढग पश्चिम उतारावर आणि माथ्यावर रिते होतात. पूर्वेकडच्या पायथ्याच्या कोलमार शहरात वर्षाला जेमतेम ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, माथ्यावर त्याच्या तिप्पट-चौपट. महाबळेश्वर आणि वाईच्या पूर्वेचा प्रदेश यांच्यात जे घडते तेच इथे घडते: पर्जन्यछाया. म्हणून २०० ते ४०० मीटर उंचीच्या कोरड्या, पूर्वाभिमुख उतारांवर रीसलिंग, गेवुर्झट्रामिनर, पिनो ग्री आणि मस्कात या द्राक्षांच्या बागा आहेत. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. खाली लख्ख ऊन असले तरी वर धुके असू शकते. १००० मीटर चढल्यावर तापमान ६ ते ७ अंशांनी उतरते, वारा वेगळाच. घामाने भिजलेल्या अंगाने उताराला लागले की बोटे बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे उन्हाळ्यातही जवळ हवेत.

१८७१ मध्ये फ्रान्सने जर्मनीकडून युद्ध हरून अल्सास गमावला आणि माथ्याची ही रेघच सीमा झाली. श्लुख्त खिंडीत सीमाचौकी आली. दक्षिणेकडच्या बालों दाल्सास या डोंगराचा माथाही सीमेवर आला, पण त्यावरून जाणारा रस्ता फ्रान्समध्येच राहिला. १९०५ च्या टूर द फ्रान्समध्ये नान्सी ते बेझाँसों टप्प्यात हा घाट घातला गेला, आणि टूरमधला पहिला खरा मोठा चढ म्हणून तोच सांगितला जातो. सें-मोरीस गावाकडून तो सुमारे ९ किलोमीटर, सरासरी जवळजवळ ७ टक्के. ११ जुलैला रने पोतिए सर्वांत आधी माथ्यावर पोचला. पुढच्या वर्षी तो टूर जिंकला आणि १९०७ च्या जानेवारीत त्याने आत्महत्या केली. माथ्याजवळ त्याचे स्मारक आहे. गाइड तिथे गट थांबवतात ते पाणी प्यायला. पोतिएबद्दलही दोन शब्द सांगायलाच हवेत.

त्या काळच्या शर्यतीत चढ अवघड होता तो गिअरमुळे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे बसवायची, आणि पायथ्याशी उतरून चाक काढून उलटे लावायचे, एवढीच सोय असे. सेंत-एतिएनचे पॉल द विव्ही ‘वेलोसिओ’ या नावाने लिहीत. चालत्या सायकलवर गिअर बदलता आला पाहिजे, साध्या माणसालाही डोंगर चढता आला पाहिजे, असे ते आपल्या मासिकातून अखेरपर्यंत मांडत राहिले. टूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांना मात्र असे गिअर म्हणजे पुरुषार्थाला उणेपणा वाटे. टूरमध्ये डिरेल्युअरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला, परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. वेलोसिओ १९३० मध्येच वारले होते. आमच्या मते सायकल सहलीचा खरा जनक शोधायचा तर शर्यतीकडे न जाता वेलोसिओंकडे जावे. आज भाड्याच्या सायकलला पुढे ३४ दातांची तबकडी आणि मागच्या कॅसेटचे (चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे) मोठे चक्रही ३४ दातांचे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. ८ टक्क्यांच्या चढावर सामान्य माणसाला एवढेच झेपते. बुकिंग करताना कॅसेटचे दात विचारावेत. मागे २८ दात निघाले, तर लांब चढावर गुडघे तक्रार करतील.

सहलीची दुसरी बाजू, म्हणजे झोपायची-जेवायची व्यवस्था, तीही सायकलवाल्यांनीच घडवली. १८९० मध्ये स्थापन झालेल्या तूरिंग क्लब द फ्रान्सने रस्त्यांवर पाट्या लावल्या आणि हॉटेलांनी स्वच्छ, धुता येतील अशा भिंतींच्या खोल्या ठेवाव्यात म्हणून मोहीम चालवली. पुढे मोटारी आल्या आणि या सगळ्याचा फायदा त्यांना झाला.

मग पहिले महायुद्ध. दऱ्यांमध्ये विखुरलेल्या फ्रेंच तुकड्यांना उत्तर-दक्षिण जोडणारा रस्ता नव्हता, कारण सगळे जुने रस्ते दरीतून खिंडीकडे, म्हणजे पूर्व-पश्चिम जात. म्हणून सैन्याने माथ्याच्या बाजूने रस्ता काढला आणि शत्रूला दिसू नये म्हणून तो बराचसा पश्चिम कुशीला ठेवला. हाच रूत दे क्रेत: बोनोम खिंडीपासून श्लुख्त, मार्कश्टाइन, ग्राँ बालों असा सेर्ने गावापर्यंत, साधारण ८० किलोमीटर. दक्षिण टोकाला हार्टमान्सविलरकोफ लागतो; १९१५ मध्ये तिथे भीषण लढाया झाल्या आणि खंदक अजून दिसतात. लष्करी रस्ता असल्यामुळे तो गावांना टाळत जातो. म्हणून तिथे नळ नाही, दुकान नाही. लागतात ती शेतकऱ्यांची उपाहारगृहे, आणि मोठ्या गटाने जागा आधी सांगून ठेवावी लागते. प्रत्येकाकडे दोन बाटल्या पाणी हवे. हिवाळ्यात बर्फामुळे याचा बराच भाग बंद असतो, त्यामुळे एप्रिलची सहल आखणाऱ्याने रस्ता उघडला की नाही हे पाहूनच तिकिटे काढावीत.

वाइनच्या रस्त्याची कल्पना शेजारून आली. अल्सासच्या उत्तर सीमेला लागून श्वाइगेन हे जर्मन गाव आहे. नाझी राजवटीने ज्यू व्यापाऱ्यांना धंद्यातून हाकलल्यावर तिथला वाइनचा व्यापार कोसळला, त्यात १९३४ आणि १९३५ मध्ये पीक भरघोस आले. माल पडून राहिला म्हणून ऑक्टोबर १९३५ मध्ये तिथून ‘जर्मन वाइन मार्ग’ जाहीर झाला. हा भाग माहितीपत्रकात सापडत नाही. तो सांगितला पाहिजे. अल्सासचा स्वतःचा वाइन मार्ग ३० मे १९५३ चा, मार्लेनहाइम ते तान, सुमारे १७० किलोमीटर. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोलमारभोवतीच्या लढाईत बेनवीर, सिगोल्सहाइम, अमर्शवीर ही गावे जवळजवळ जमीनदोस्त झाली होती; शेजारचे रिकवीर वाचले. एका गावात सोळाव्या शतकातली लाकडी चौकटीची घरे आणि तीन किलोमीटरवर १९५० च्या दशकातले चौकोनी चर्च दिसते, त्याचे कारण हे आहे.

१९५३ चा मार्ग मोटारींसाठी होता आणि आजही त्यावर वाहने बरीच असतात. सायकलवाल्यांसाठी वेगळी वाट आहे, सुमारे १३० किलोमीटरची, युरोव्हेलो ५ या लांब पल्ल्याच्या मार्गाचा भाग. युरोव्हेलोचे जाळे १९९५ मध्ये सुरू झाले. ही वाट बागांमधल्या शेतरस्त्यांवरून आणि काही ठिकाणी जुन्या रेल्वेमार्गावरून जाते. ती सपाट आहे असे समजू नये: प्रत्येक गावाला छोटा पण उभा चढ, आत दगडी फरशी. टायर ३२ मिलिमीटर किंवा जाड बरे. सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी सुरू असते. तेव्हा बागांमधल्या काही पायवाटा बंद ठेवतात, आणि शेतरस्त्यावर ट्रॅक्टरला आधी वाट द्यायची.

सुट्टीचा प्रश्न १९३६ मध्ये सुटला, जेव्हा फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि लोक टँडम, म्हणजे दोघांची सायकल, घेऊन निघाले. पैसे भरून, गाइड आणि मागून गाडी अशी सहल मात्र बरीच नंतरची, आणि तिला आकार दिला उत्तर अमेरिकेतल्या कंपन्यांनी: १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात बॅकरोड्स सुरू झाली, आणि १९८० च्या दशकात टोरांटोच्या बटरफील्ड अँड रॉबिन्सनने बर्गंडीच्या वाइनप्रदेशातल्या सहली नावारूपाला आणल्या. थकलेल्याला उचलणारी गाडी त्याहून जुनी. टूरमध्ये ती १९१० पासून आहे.

आता इ-सायकलने गट मिसळले आहेत. युरोपात मोटार २५० वॅटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच. माणूस आणि सायकल मिळून १०५ किलो धरले तर १००० मीटर चढायला सुमारे २८५ वॅट-तास काम लागते. दोन-तृतीयांश मोटारीने केले तर, मोटारीत वाया जाणारी ऊर्जा धरून, ५०० वॅट-तासांची बॅटरी जवळजवळ निम्मी संपते. सगळा चढ सर्वांत जोरकस मोडवर काढणारे दुपारनंतर २५ किलोची मेलेली सायकल ढकलतात.

भारतातून जाणाऱ्यांनी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी मोकळ्या मैदानात तपासाव्यात. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथे डाव्या हाताला. श्लुख्तवरून मुंस्टरकडे १७ किलोमीटरच्या उतारावर सवयीने डावा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून फेकला जातो. सायकल भाड्याने देणाऱ्याला सांगून तारा बदलून घेता येतात, पण हायड्रॉलिक डिस्क असेल तर ते काम वेळखाऊ, आधीच कळवावे. आणि खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असते, बागांमधून येणारी गल्ली कितीही लहान असो. वाइन चाखणे दिवसाची सायकल संपल्यावर ठेवावे. फ्रान्समधली रक्तातल्या मद्याची मर्यादा, लिटरला ०.५ ग्रॅम, सायकलस्वारालाही लागू आहे. वाटेत चाखायचीच असेल तर थुंकायचे भांडे मागावे. वाइन बनवणारे स्वतः तेच करतात.