रांग जुनीच आहे, हेडसेट तेवढा नवा

कुठल्याही टेक मीटअपला किंवा डिजिटल फेस्टला जा, एक कोपरा हमखास असतोच, तिथे एकजण डोक्याला हेडसेट बांधून हवेत हातवारे करतोय, बाजूचे दहाजण हसत हसत त्याचा व्हिडिओ काढतायत आणि मागे ही मोठी रांग. शेजारच्या टेबलावर एका एक्स्टेन्शन बोर्डात आठ चार्जर कोंबलेले, आणि कोणीतरी घामाघूम होऊन "काल रात्रीपर्यंत चालत होतं रे हे" म्हणत लॅपटॉप रिस्टार्ट करतोय.

आपल्याला सहसा वाटतं की आधी टेक्नॉलॉजी तयार होते आणि मग ती दाखवायला इव्हेंट भरवतात. कंपन्यांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण मनोरंजनाच्या टेक्नॉलॉजीचा इतिहास जरा उकरून बघितला तर बऱ्याच वेळा उलटंच झालेलं दिसतं, म्हणजे तारीख आधी ठरलेली, लोक येणार हे नक्की, आणि दाखवायला तर काही नाही, मग कोणीतरी दोन-तीन आठवडे खपून काहीतरी जुळवलं.

सगळ्यात भारी उदाहरण १९५८ चं. अमेरिकेत ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरी नावाची अणुसंशोधनाची प्रयोगशाळा आहे, तिथे दरवर्षी आम लोकांसाठी व्हिजिटर्स डे असायचा. बघायला काय, तर फोटो, तक्ते आणि हात न लावता लांबून बघायची यंत्रं. विल्यम हिगिनबॉथम तिथे इन्स्ट्रुमेंटेशन विभागाचा प्रमुख होता, आणि हा गडी दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पात इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलेला. त्याला वाटलं की लोक कंटाळतात, त्यांच्या हातात काहीतरी द्यायला पाहिजे. लॅबमध्ये एक छोटा अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर होता, तो फेकलेल्या वस्तूचा मार्ग काढू शकायचा. मग त्याने ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र) पाच इंची गोल पडद्यावर टेनिसचं कोर्ट बाजूने दिसेल असं काढलं, मध्ये उभी छोटी रेघ म्हणजे नेट, एक ठिपका म्हणजे बॉल, आणि खेळणाऱ्याच्या हातात एक खुंटी आणि एक बटण. खुंटी फिरवून कोन ठरवायचा, बटण दाबून मारायचं, झालं. १८ ऑक्टोबर १९५८ ला शेकडो लोक त्यासाठी रांगेत उभे राहिले आणि बाकीचं प्रदर्शन ओस. पुढच्या वर्षी पडदा मोठा केला, आणि चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर टेनिस खेळलं तर बॉल कसा उडेल हेही घातलं! त्यानंतर तो सेटअप सोडवून त्याचे पार्ट दुसऱ्या कामाला वापरले, कारण ही काही मोठी गोष्ट आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं, खुद्द हिगिनबॉथमला पण नाही. पेटंटबिटंट काही नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या पोरांनी १९६२ मध्ये पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर केलेला 'स्पेसवॉर' हा गेमसुद्धा त्याच वर्षी कॉलेजच्या ओपन हाउसला लोकांपुढे आला. दोन रॉकेटं, मध्ये खेचून घेणारा तारा, एकमेकांना उडवायचं. कॉम्प्युटरच्या पॅनेलवरचे स्विच दाबून दाबून खेळणाऱ्यांचे कोपर दुखायला लागले म्हणून त्यांनी वेगळे कंट्रोल बॉक्स बनवून घेतले. आज आपण गेमपॅड म्हणतो त्याचे हे आजोबा, आणि ते आले कशातून तर दुखऱ्या कोपरांतून. पुढे १९ ऑक्टोबर १९७२ ला स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये याच गेमची स्पर्धा भरवली, बक्षीस काय तर रोलिंग स्टोन मासिकाची एक वर्षाची वर्गणी. आजचे ईस्पोर्ट्सचे बक्षिसाचे आकडे बघितले की गंमत वाटते.

इथपर्यंत सगळं लॅबमधलं, म्हणजे मशीन संस्थेचं आणि आपण पाहुणे. मशीन स्वतःचं झालं ते १९७५ ला, अल्टेअर ८८०० हा किटमध्ये येणारा कॉम्प्युटर निघाला तेव्हा. स्वतःचं म्हणायचं पण त्याला ना पडदा ना कीबोर्ड, समोर नुसते स्विच आणि लुकलुकणारे दिवे, मेमरी २५६ बाइट (किलोबाइट नाही हां, बाइट). जोडून झाल्यावर याचं करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. मग ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेनलो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक लोक जमले आणि होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. अ‍ॅपलच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह वॉझ्नियॅक त्या पहिल्या मीटिंगला होता वगैरे गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते म्हणून ती सोडतो, मला त्याहून आवडते ती त्याच क्लबातल्या स्टीव्ह डॉम्पिअरची.

डॉम्पिअरने घरी अल्टेअर चालू केला तेव्हा शेजारी रेडिओ सुरू होता, आणि प्रोग्रॅम पळायला लागला की रेडिओतून खरखर यायची. साधी गोष्ट आहे, सर्किटमधून निघणाऱ्या लहरी एएम रेडिओ पकडतो. दुसऱ्या कोणी वैतागून रेडिओ बंद केला असता, याने शोधून काढलं की लूप (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा) किती वेळा फिरवला की कुठला सूर निघतो. मग एप्रिलच्या मीटिंगला एका शाळेत तो मशीन घेऊन गेला आणि जमिनीवर बसून एकेक स्विच वर-खाली करत प्रोग्रॅम भरायला लागला. बराच वेळ भरत बसला, आणि तेवढ्यात कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, करंट गेला, मेमरी साफ. आता काय, परत पहिल्यापासून. शेवटी रेडिओतून बीटल्सचं एक गाणं वाजलं तेव्हा अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. आवाज काढायची सोयच नसलेल्या मशीनने गाणं म्हटलं होतं! तिथे बसलेल्यांपैकी अनेकांनी पुढे कंपन्या काढल्या, पण त्या दिवशी कोणी काही विकत नव्हतं. दोन वर्षांत, एप्रिल १९७७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरला जवळपास तेरा हजार लोक आले आणि अ‍ॅपल टू हा कॉम्प्युटर तिथेच लोकांसमोर ठेवला गेला. गॅरेजचं प्रदर्शन झालं, प्रदर्शनाचा बाजार झाला. हे पुढे परत परत होणार आहे.

युरोपात वेगळाच प्रकार चालला होता, आणि खरं सांगायचं तर हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा. १९८० च्या दशकात तिथल्या पोरांच्या घरी कमोडोर ६४ आणि नंतर अमिगा हे घरगुती कॉम्प्युटर आले. गेम विकत कोण घेणार, तर गेमचं कुलूप (कॉपी होऊ नये म्हणून केलेली सोय) तोडायचं आणि फ्लॉपीवर कॉपी करून वाटायचा. ज्याने कुलूप तोडलं तो ग्रुप गेमच्या आधी स्वतःचं नाव मिरवणारी छोटी अ‍ॅनिमेशन टाकायचा, रंगीत अक्षरं लाटांसारखी हलतायत, मागे बीप-बीप म्युझिक, खाली मित्रांना सलाम आणि शत्रूंना शिव्या. त्याला म्हणायचे इंट्रो. हळूहळू गंमत अशी झाली की इंट्रो गेमपेक्षा भारी व्हायला लागले, आणि काही पोरांनी गेम चोरायचं सोडून नुसते इंट्रोच करायला घेतले. फ्लॉपी कॉपी करायला जमायचे त्या कॉपी पार्ट्यांच्या डेमो पार्ट्या झाल्या, डेमो म्हणजे असे नुसते दाखवायला केलेले प्रोग्रॅम. डेन्मार्कात १९९१ ला 'द पार्टी', १९९२ ला नॉर्वेत 'द गॅदरिंग' आणि फिनलंडमध्ये 'असेंब्ली'. याला सगळं मिळून डेमोसीन म्हणतात.

तिथल्या एका प्रकारच्या स्पर्धेचा नियम काय, तर सगळं मिळून ६४ किलोबाइटमध्ये बसवा. फोनवरून काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि इथे त्यात काही मिनिटांचं थ्रीडी आणि संगीत सगळं मावायला हवं. मग जुगाड असा की चित्र साठवायचंच नाही, चित्र काढायचं गणित साठवायचं. भिंतीचा फोटो न ठेवता भिंतीवरचा खडबडीतपणा बनवणारं सूत्र ठेवायचं, गाण्याची फाइल न ठेवता वाद्याचा आवाज तयार करणारा कोड ठेवायचा. चालवल्यावर कॉम्प्युटर ते सगळं तिथल्या तिथे बनवतो. जर्मन मंडळींनी २००४ मध्ये याच पद्धतीने ९६ किलोबाइटमध्ये अख्खा थ्रीडी शूटर गेम करून दाखवला होता. आज गेममधली मोठमोठी जगं प्रोसिजरल पद्धतीने, म्हणजे सूत्रांवरून, बनवतात त्यात हीच युक्ती आहे.

आणि इथेही तारीखच कामाला लावायची. डेडलाइनच्या आदल्या रात्री हॉलमध्येच कोपऱ्यात बसून कोड संपवायचे, झोप नाही, मग मोठ्या पडद्यावर एकेक डेमो लागायचा आणि हजारभर लोक अंधारात ओरडायचे. निर्णय प्रेक्षकांच्या मतांनी. तिथे ओरडणारे सगळे स्वतः कोड करणारे, त्यामुळे कुठल्या मशीनवर काय अशक्य आहे हे त्यांना पक्कं माहीत, म्हणून टाळी नेमक्या जागी पडते. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत जाणकार जसे समेवर मान हलवतात ना, तसंच. स्वीडनमधला डाइस हा गेम बनवणारा स्टुडिओ आणि फिनलंडमधला रेमेडी, दोन्ही अशाच डेमो ग्रुपच्या पोरांनी काढले. आणि एप्रिल २०२० मध्ये फिनलंडने डेमोसीनला आपल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, युनेस्कोच्या करारानुसार असते ती यादी, पुढच्या वर्षी जर्मनीनेही घेतलं. गेमची कुलपं तोडणारी पोरं आता वारसा!

लॅन पार्टीचं, म्हणजे कॉम्प्युटर एकत्र आणून केबलने जोडून खेळण्याचं, मूळही याच्या आसपासच. डिसेंबर १९९३ ला 'डूम' हा गोळीबाराचा गेम आला, नेटवर्कवर चार जण एकमेकांना मारू शकायचे, आणि इंटरनेट तेव्हा कामाचं नव्हतंच, मग करायचं काय तर आपापला कॉम्प्युटर उचलून एका खोलीत आणायचा. जुना अवजड सीआरटी मॉनिटर ज्यांनी जिन्यावरून वाहिलाय त्यांना सांगायला नको, पोटाशी धरून चालायचं आणि पायाखालची पायरी दिसत नाही. नेटवर्कसाठी एकच कोअ‍ॅक्स केबल सगळ्यांच्या मागून फिरवलेली, प्रत्येकाच्या मागे टी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर. कोणी मध्येच घरी जायला निघाला आणि त्याने केबल उपटली की सगळ्यांचा गेम बंद! मग शिव्या. अर्धी रात्र केबल शोधण्यात जायची, आणि नेटवर्किंग शिकलेले कितीतरी लोक हे असेच शिकलेत. स्वीडनमधल्या मालुंग गावात शाळेच्या बेसमेंटमध्ये काही मित्र जमायचे, १९९४ ला ते शाळेच्या कँटीनमध्ये आले आणि ड्रीमहॅक नाव मिळालं, ते आज केवढं झालंय बघा. अमेरिकेत १९९६ ला टेक्सासमध्ये क्वेककॉन ही लॅन पार्टी सुरू झाली, एका हॉटेलात जमलेल्या हौशी लोकांपासून.

हॅकेथॉन (ठरलेल्या वेळात एकत्र बसून प्रोग्रॅम करणं) आणि गेम जॅम (तसंच, पण गेम करणं) यांबद्दल थोडक्यातच, कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतात. हॅकेथॉन हा शब्द १९९९ चा, गेम जॅम २००२ च्या सुमारास, आणि जानेवारी २००९ च्या पहिल्या ग्लोबल गेम जॅममध्ये २३ देशांत ५३ ठिकाणी लोक एकाच वीकेंडला बसले. ४८ तास, एक विषय, रविवारी दुपारी जे असेल ते दाखवायचं. हिगिनबॉथमला याहून जास्त वेळ मिळाला होता.

आता पुन्हा त्या हेडसेटवाल्या कोपऱ्याकडे येऊ. व्हीआर, म्हणजे हेडसेटमधून आभासी जग दाखवण्याचं तंत्र, नवीन नाहीच. आयव्हन सदरलँडने १९६८ ला डोक्यावर लावायचा डिस्प्ले केला तो इतका जड की छताला टांगलेला असायचा. १९९१ ला ब्रिटनच्या व्हर्च्युअ‍ॅलिटी कंपनीची मशीन आर्केडमध्ये आली, १९९५ ला निन्टेन्डोने व्हर्च्युअल बॉय काढला, लाल-काळं चित्र, मानदुखी-डोकेदुखी, वर्षाच्या आत गाशा गुंडाळला. मुख्य अडचण अशी की मान वळली आणि चित्र उशिरा वळलं की पोटात ढवळतं, आणि ही दिरंगाई साधारण २० मिलिसेकंदांच्या खाली हवी असं मानतात. ते जमलं कशामुळे तर मोबाइल फोनमुळे, कारण फोनसाठी छोटे शार्प पडदे आणि हालचाल ओळखणारे सेन्सर ढिगाने बनायला लागले आणि स्वस्त झाले. पामर लकी हा एकोणीस वर्षांचा पोरगा त्यातूनच ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटचे नमुने जोडत होता. 'डूम'वाल्या जॉन कारमॅकने त्यातला एक जून २०१२ ला ई३ या गेमच्या प्रदर्शनात लोकांच्या डोक्यावर चढवला, चिकटपट्टी लावलेला, स्कीइंगच्या गॉगलच्या पट्ट्याने बांधलेला. ऑगस्टमध्ये किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून पैसे गोळा करणं सुरू झालं आणि त्याच आठवड्यात लकी आणि कारमॅक कुठे बोलत होते, तर क्वेककॉनमध्ये. म्हणजे मॉनिटर उचलून आणणाऱ्यांच्याच जत्रेत! अडीच लाख डॉलर मागितले होते, चोवीस लाखांच्या आसपास जमले, आणि २०१४ ला फेसबुकने दोन अब्ज डॉलरला कंपनी घेतली.

व्हीआरला हे असले इव्हेंट लागतातच, कारण व्हिडिओ बघून त्यातलं काहीच कळत नाही, बाहेरून दिसतो तो फक्त वेड्यासारखा हात हलवणारा माणूस. डोक्यावर घातल्याशिवाय पटत नाही, आणि घालायला हेडसेट असलेला माणूस भेटावा लागतो.

होलोग्रामचं उलट आहे, तो लांबूनच बघायचा. मरण पावलेल्या गायकाला स्टेजवर परत उभा करतात आणि होलोग्राम होलोग्राम म्हणून गाजावाजा होतो ना, २०१२ ला अमेरिकेतल्या कोचेला संगीत फेस्टिव्हलमध्ये रॅपर तूपाकला आणला होता तसा, ते खरं म्हणजे तिरक्या पारदर्शक पडद्यावरचं प्रतिबिंब असतं. हीच युक्ती जॉन पेपरने १८६२ मध्ये लंडनमध्ये काचेवर भूत दाखवायला वापरली होती. फरक एवढाच की काचेच्या जागी पातळ फॉइल आलं.

आणि ज्यांना हे सगळं फार मोठं आणि पॉलिश्ड वाटतं ते परत छोट्या खोलीत गेलेच आहेत. २००४ मध्ये हॅम्बुर्गला काही संगीतवाले प्रोग्रॅमर एकत्र आले आणि म्हणाले की लॅपटॉपच्या मागे तोंड लपवून म्युझिक वाजवणं बंद, आपला स्क्रीन लोकांना दिसला पाहिजे. त्यातून लाइव्ह कोडिंग वाढलं आणि पुढे अल्गोरेव्ह, म्हणजे भिंतीवर कोड मोठा दिसतोय, स्टेजवरचा माणूस तो टाइप करतोय आणि लोक त्यावर नाचतायत. एखादा कंस चुकतो, एरर येते, सगळं गप्प होतं. लोक चिडत नाहीत, उलट तेव्हाच जास्त ओरडतात. मग तो कंस शोधतो, दुरुस्त करतो, आणि ठेका परत सुरू.