रीडमी : मुक्तस्रोत प्रकल्पाचा ओळखलेख

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडबरोबर, सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ठेवलेली आणि नवख्या माणसाने सर्वांत आधी वाचावी अशी फाइल. प्रकल्प काय करतो, कोणाच्या उपयोगाचा आहे, कसा चालवून पाहायचा, कोणत्या परवान्याखाली मिळतो आणि अडले तर कुठे विचारायचे, एवढे तिच्यात असते. वाचणारा बहुधा काहीतरी शोधत आलेला असतो. त्याच कामाची आणखी चार सॉफ्टवेअर त्याच्यासमोर उघडी असतात. ‘माझे काम याने होईल का?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला मिनिटाभरात मिळायला हवे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर तेही तितक्याच लवकर.

इतिहास

प्रोग्रॅमसोबत अशी फाइल देण्याची प्रथा १९७०च्या दशकाच्या मध्यापासून दिसते. इंग्रजीतल्या ‘मला वाचा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून नाव पडले आणि ते मोठ्या रोमन अक्षरांत लिहिले जाऊ लागले. आस्की या अक्षरसंकेताच्या क्रमात मोठी अक्षरे छोट्यांच्या आधी येतात, त्यामुळे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर फायलींची यादी काढली की हे नाव वरच्या भागात दिसे. प्रत्येक पॅकेजबरोबर त्याची सर्वसाधारण ओळख देणारी रीडमी असावी, असे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे कोडलेखनाचे नियमही सुचवतात.

त्या काळी नव्या प्रकल्पाची ओळख यूजनेट या संगणकजाळ्यावरच्या जुन्या चर्चामंचावरील संदेशातून होत असे आणि त्यांतले दोन संदेश आजही अभ्यासण्यासारखे आहेत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नूची घोषणा केली. युनिक्सशी सुसंगत अशी संपूर्ण प्रणाली लिहिणार, तिच्यात कर्नल, एडिटर, शेल, सी कंपायलर इत्यादी भाग असतील, हे काम करणारा मी कोण, ते का करतो आहे, आणि मला पैसा, यंत्रे, प्रोग्रॅम व श्रम या रूपांत मदत हवी आहे, असा त्या संदेशाचा क्रम होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपण लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल, मिनिक्स या युनिक्ससारख्या छोट्या प्रणालीच्या न्यूजग्रुपवर (चर्चागटावर) टाकलेला संदेश त्याहून बराच लहान होता. पुढे रूढ झालेले लिनक्स हे नावही त्यात नव्हते. ३८६ व ४८६ प्रोसेसरच्या एटी प्रकारच्या पीसींसाठी लिहितो आहे, बॅश १.०८ (ग्नूचा शेल) आणि जीसीसी १.४० (ग्नूचा कंपायलर) चालवून पाहिले आहेत, इतर यंत्रांवर हे चालणार नाही, आणि एटी हार्डडिस्कखेरीज दुसरे काही बहुधा कधीच चालणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. कशावर चालते, काय तपासले आणि काय चालत नाही या तीन गोष्टी आवृत्तीच्या आकड्यांसह सांगणे आजच्या कित्येक रीडमींना जमत नाही.

२००४ मध्ये जॉन ग्रूबर यांनी मार्कडाउन ही साध्या मजकुरातच मथळे, दुवे वगैरे दाखवण्याची लेखनपद्धत आणली आणि २००८ मध्ये प्रकल्पांचा कोड ठेवण्याचे गिटहब हे संकेतस्थळ सुरू झाले. गिटहबने रीडमी थेट प्रकल्पाच्या पहिल्या पानावर दाखवायला सुरुवात केल्यावर ती प्रकल्पाचा दर्शनी चेहरा झाली. अगोदर रीडमी लिहायची आणि मग कोड, अशी पद्धतही काही जण पाळतात. वापर नेमका कसा होणार हे शब्दांत मांडता येत नसेल, तर रचनेतच गोंधळ आहे हे कोड लिहिण्यापूर्वी कळते.

पहिल्या ओळी

प्रकल्पाच्या नावाखालची दोन-तीन वाक्ये सर्वांत कठीण. ‘हे एक अत्याधुनिक, वेगवान आणि वापरायला सोपे टूल आहे’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही, कारण ते कोणत्याही प्रकल्पाला लागू पडते. समजा, जुन्या फाँटातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. त्याची सुरुवात अशी हवी: ‘डीव्हीबी-टीटी सुरेख फाँटात टाइप केलेला मराठी मजकूर हा प्रोग्रॅम युनिकोडमध्ये बदलतो. साध्या टेक्स्ट फायलींवर चालतो. वर्ड किंवा पीडीएफ फाइल उघडत नाही. पायथन ३.१० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते.’ वर्ड फायलींचा गठ्ठा घेऊन आलेला माणूस तिसऱ्या वाक्यालाच परत फिरतो. त्याचा अर्धा तास वाचतो आणि प्रकल्पावर एक चुकीची तक्रारही नोंदली जात नाही.

यानंतर लगेच नमुना द्यावा: आधी काय होते, नंतर काय झाले. इथे रोमन अक्षरे व चिन्हांसारखी दिसणारी जुन्या फाँटातली एक ओळ आणि तिच्याखाली तिचे देवनागरी रूप. नमुना निवडताना सोपी ओळ घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. अशा फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा लागतो. म्हणून नमुन्यात ‘स्थिती’ आणि ‘कार्यकर्ता’ असे शब्द असले की जाणत्या वाचकाची एका नजरेत खात्री पटते. चित्रमय सॉफ्टवेअर असेल तर याच जागी एक स्क्रीनशॉट पुरतो. पण कमांडचा स्क्रीनशॉट कधीच देऊ नये: त्यातला मजकूर कॉपी होत नाही, शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

पानाच्या माथ्यावर रंगीत बिल्ल्यांची रांग लावायची सध्या पद्धत आहे. चाचण्या पास आहेत का, ताजी आवृत्ती कोणती, परवाना कोणता, हे तीन पुरेत. दहा बिल्ले लावले की मोबाइलच्या पडद्यावर वाचकाला पहिले वाक्य दिसतच नाही.

इन्स्टॉल करण्याची कृती

रीडमी बहुतेक वेळा इथेच फसते. लिहिणाऱ्याच्या संगणकावर लागणाऱ्या सर्व गोष्टी वर्षानुवर्षे बसलेल्या असतात, त्यामुळे वगळलेली पायरी त्याला दिसत नाही. त्यावर एकच खात्रीचा उपाय आहे: कोऱ्या यंत्रावर स्वतःचीच रीडमी अक्षरशः पाळून पाहणे. डॉकर या साधनात डेबियन लिनक्सचा नवा कंटेनर (संगणकाच्या आतच चालणारी कोरी, वेगळी प्रणाली) उघडावा, रीडमीतल्या कमांड जशाच्या तशा कॉपी करून एकेक चालवाव्यात, आणि मनाने एकही पायरी घालू नये. कोड उतरवून घेणारे गिटच बसलेले नाही, कंपायलर नाही, एखादी हेडर फाइल नाही, अशा उणिवा तिथे लगेच उघड्या पडतात.

पायथनच्या प्रकल्पांत हमखास भेटणारी अडचण अशी. रीडमी सांगते, ‘पिप इन्स्टॉल ही कमांड चालवा’ (पिप म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणारे साधन). डेबियन १२ किंवा अलीकडच्या उबुंटूवर तसे केले की ‘हे पायथन बाहेरून सांभाळले जाते’ अशा अर्थाची चूक येऊन काम थांबते. प्रणालीच्या पॅकेजांना धक्का लागू नये म्हणून हा अटकाव मुद्दाम ठेवलेला आहे. म्हणून आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा, तयार करण्याची ओळ द्यायला हवी. ते सुरू करण्याची कमांड लिनक्स-मॅकवर वेगळी आणि विंडोजवर वेगळी असते, दोन्ही लिहाव्यात. देवनागरीशी काम असेल तर आणखी एक खड्डा आहे. विंडोजवर पायथन फाइल उघडताना बहुधा प्रणालीचे जुने एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) धरतो आणि मराठी मजकूर आला की चूक देतो. फाइल उघडतानाच यूटीएफ-८ हे युनिकोडचे एन्कोडिंग सांगणे हा त्याचा खरा इलाज. कोडमध्ये ते केलेले नसेल तर निदान रीडमीत लिहावे.

कमांड लिहिताना बारीकसारीक गोष्टींनीही माणसे अडतात. कमांडच्या आधी टर्मिनलचे डॉलर चिन्ह ठेवले की नवशिका तेही कॉपी करतो आणि ‘कमांड सापडली नाही’ असे उत्तर मिळते. रीडमी वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिली की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे होतात, जोड हायफनची एक लांब रेघ होते, आणि दिसायला बरोबर असलेली कमांड चालत नाही. म्हणून रीडमी साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहावी आणि कमांड तीन बॅकटिकांच्या (` या चिन्हाच्या) चौकटीत टाकावी. कमांड आणि तिचे उत्तर एकाच चौकटीत ठेवू नये, कारण कॉपीचे बटण संपूर्ण चौकट उचलते. प्रत्येक टप्प्यानंतर पडद्यावर काय दिसले पाहिजे याची एक ओळ दिली, तर कुठे बिनसले हे वाचणाऱ्याला स्वतःच कळते. वेळ किंवा जागा जास्त लागणार असेल, म्हणजे बिल्ड व्हायला अर्धा तास किंवा दोन जीबी मॉडेल डाउनलोड, तर ते कमांडच्या आधी सांगावे. कित्येक जण अजून मोबाइलच्या डेटावर काम करतात.

चित्रांचे दुवे हा स्वतंत्र त्रास. गिटहबवर सापेक्ष पत्ता, म्हणजे प्रकल्पाच्या फोल्डरपासून मोजलेला पत्ता, चालतो. पण तीच रीडमी पायथनच्या पॅकेज भांडारात, म्हणजे पायपीआयवर, दाखवली की चित्रे गायब होतात, कारण तिथे फक्त मजकूर जातो. अशा प्रकल्पात चित्राचा पूर्ण पत्ता द्यावा.

मर्यादा

काय होत नाही याची छोटी यादी कमांडनंतर लगेच यावी. वरच्या उदाहरणात: फक्त एकच फाँट ओळखला जातो, मजकुरात मधेच आलेली इंग्रजी वाक्येही देवनागरी समजून बिघडतात, तक्ते जुळत नाहीत. अशी कबुली दिली की लोक बिचकतील अशी भीती नव्या मेन्टेनरना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, वाटते. पण ज्याला मर्यादा आधी कळते तो तिच्याभोवतीने वाट काढतो. ज्याला तीनशे पानांचा मजकूर बिघडल्यावर कळते, तो त्या प्रकल्पाकडे पुन्हा फिरकत नाही.

परवाना

मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांची सरमिसळ रीडमीत तरी करू नये. ‘कोणीही वापरा’ हे वाक्य परवाना ठरत नाही. कोड सर्वांना दिसत असला तरी परवान्याची फाइल नसेल तर कॉपीराइट लेखकाकडेच राहतो, आणि भारतात १९५७चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमलाही लागू आहे. म्हणून रीडमीत परवान्याचे नेमके नाव व आवृत्ती एका ओळीत द्यावी, उदाहरणार्थ एमआयटी, अपाची २.० किंवा जीपीएल ३, आणि पूर्ण मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ अशी अट घातली की तो प्रकल्प मुक्तस्रोत राहत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येत वापराच्या क्षेत्रावर बंधन घालता येत नाही. लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीवरही व्यापारी वितरणाची बंदी होती. १९९२ मध्ये जीपीएल स्वीकारल्यावर ती उठली. सोबत फाँट किंवा शब्दसंग्रह दिलेला असेल तर त्याचा परवाना बहुधा वेगळा असतो आणि तोही नोंदवावा लागतो. मुक्त देवनागरी फाँट साधारणपणे ओएफएल (ओपन फाँट लायसन्स) या परवान्याखाली मिळतात.

मराठी रीडमी

मूळ रीडमी इंग्रजीत ठेवून शेजारी मराठीत दुसरी फाइल देता येते; तिच्या नावात मराठीचा दोन अक्षरी भाषा-कोड जोडतात आणि दोन्हींच्या माथ्यावर एकमेकींचे दुवे देतात. समजावणारा मजकूर मराठीत असावा. कमांड, फायलींची नावे आणि पडद्यावर येणारे चूक दाखवणारे संदेश मात्र जसे दिसतात तसेच ठेवावेत, कारण अडलेला माणूस तोच संदेश शोधयंत्रात टाकतो. इन्स्टॉल, फोल्डर, ब्राउझर हे शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. त्यांच्या जागी घडवलेले संस्कृत प्रतिशब्द घातले की शाळेतला विद्यार्थी आणि छापखान्यातला ऑपरेटर दोघेही अडखळतात. भाषांतर मूळ रीडमीच्या कोणत्या आवृत्तीवरून केले ते तारखेसह वर लिहावे. मूळ फाइल बदलते, भाषांतर मागे राहते, आणि मराठी वाचकाच्या हाती दोन वर्षांपूर्वीची कमांड येते.

देखभाल

कोडमधला एखादा पर्याय बदलला की त्याच बदलात रीडमीही दुरुस्त करावी. ‘नंतर करू’ म्हटलेले राहून जाते. बदलांचा इतिहास, सहभागाचे नियम आणि सविस्तर संदर्भ यांच्या स्वतंत्र फायली करून रीडमीत फक्त दुवे द्यावेत. प्रश्न आणि बग कुठे नोंदवायचे, सोबत कोणती माहिती द्यायची (ऑपरेटिंग सिस्टिम, आवृत्ती, चालवलेली कमांड, आलेला संपूर्ण संदेश), हे चार ओळींत मावते. सुरक्षेतली त्रुटी उघड्यावर न नोंदवता खासगीत कळवण्याचा मार्ग मात्र वेगळा द्यावा.

प्रकल्पाची देखभाल थांबली असेल तर ते नावाखालच्या पहिल्याच ओळीत तारखेसह लिहावे आणि पर्यायी प्रकल्प ठाऊक असल्यास त्याचे नाव द्यावे. गिटहबवर रिपॉझिटरी (प्रकल्पाचा साठा) अर्काइव्ह केली की ती फक्त वाचण्यापुरती उरते, त्यानंतर रीडमीतही बदल करता येत नाही. म्हणून ही ओळ अर्काइव्ह करण्यापूर्वी घालावी.