जर्मन अरुंदमापी डिझेल एंजिनांच्या प्रतिकृती

जर्मनीतील जुन्या अरुंदमापी (नॅरो गेज) लोहमार्गांवर धावलेल्या डिझेल एंजिनांच्या प्रमाणबद्ध छोट्या आवृत्त्या. मूळ एंजिन डिझेलचे असले, तरी प्रतिकृती बहुधा रुळांतून मिळणाऱ्या विजेवर चालते.

न्यूर्नबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ ही प्रतिकृती-गाड्यांची मालिका बाजारात आणली. तिचे रूळ ४५ मिमी अंतराचे, तर प्रमाण १:२२.५ आहे. हे प्रमाण रुळांच्या अंतरावरून काढले असे म्हणावे, तर मीटरमापासाठी (मूळ रुळांत १,००० मिमी अंतर) १:२२.२ यायला हवे. प्रतिकृती-गाड्यांच्या जुन्या ‘दोन क्रमांकाच्या’ मापात मात्र प्रमाणित रुंदीची (१,४३५ मिमी) गाडी याच १:२२.५ प्रमाणात ६४ मिमी रुळांवर चालते, आणि प्रतिकृती-गाड्यांच्या यूरोपीय एनईएम मानकांतील ‘दोन-एम’ (दोन क्रमांकाच्या प्रमाणातील मीटरमाप) ही संज्ञाही तोच वारसा दाखवते. त्यामुळे प्रमाण जुने व रूळ ‘एक क्रमांकाच्या’ मापाचे (४५ मिमी), ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. या मापाला दिल्या जाणाऱ्या ‘जी’ या रूढ अक्षराचे मूळ कोणी ‘ग्रोस’ (मोठे) या जर्मन शब्दात शोधतात, तर कोणी ‘गार्टन’ (बाग) यात. ‘एलजीबी’ या नावाचा विस्तार ‘लेमान ग्रोस बान’ असा असल्याने पहिले मत बळकट ठरते.

या हिशेबाचा परिणाम ‘व्ही ५१’ व ‘व्ही ५२’ या जोडीत स्पष्ट दिसतो. ही एंजिने मोसबाखच्या ग्माइंडर कारखान्याने १९६४ मध्ये पश्चिम जर्मन रेल्वेसाठी बांधली. ‘व्ही ५१’ ची तीन एंजिने व्युर्टेंबर्गमधील ७५० मिमी मार्गांसाठी होती. ‘व्ही ५२’ ची दोन मीटरमापी मोसबाख–मुडाऊ मार्गासाठी होती, म्हणजे कारखान्याच्या दारातच. १९६८ पासून त्यांना २५१ व २५२ हे वर्गक्रमांक मिळाले. ४५ मिमी रुळांवर ‘व्ही ५२’ जवळजवळ अचूक बसते. ‘व्ही ५१’ ला मात्र ३३.३ मिमी हवेत, म्हणून तिची चाके एकमेकांपासून वाजवीपेक्षा दूर पडतात. १:८७ प्रमाणात हा पेच उरत नाही: बेमो कंपनीने ‘व्ही ५१’ ९ मिमी आणि ‘व्ही ५२’ १२ मिमी रुळांवर दिली.

हार्ट्झ पर्वतातील ‘हार्ट्झचा उंट’ (वर्ग १९९.८) हे संग्राहकांचे आवडते एंजिन. पूर्व जर्मन रेल्वेने प्रमाणित रुंदीची दहा एंजिने मीटरमापी केली व त्यांना तीन-तीन आसांचे ट्रक (चाकांचे फिरते सांगाडे, बोगी) दिले. लेमाननेही त्याची प्रतिकृती काढली. २००६ मध्ये लेमान दिवाळखोरीत गेला आणि पुढील वर्षी मालिका मेर्कलिनकडे आली.

नेरळ–माथेरान मार्गावरील एनडीएम-१ ही एंजिनेही जर्मनीच्या युंग कारखान्याची होत.