परसबागेतील आच्छादनाची अवजारे (सोलापूर परिसर)

झाडाच्या बुंध्याभोवतीची माती उघडी राहू नये म्हणून तिच्यावर पसरलेला पालापाचोळा, चिपाडे, भुसा किंवा फांद्यांचा चुरा म्हणजे आच्छादन. हा माल घरच्या घरी तोडून बारीक करणाऱ्या अवजारांची ही नोंद आहे.

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. पाऊस बेताचा आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यांतून खोलवरची ओलही उडून जाते. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची येथे 1933 पासूनची परंपरा आहे, आणि ओल टिकवणे हा त्या शेतीचा गाभाच आहे. परसबागेत ते काम आच्छादन करते.

या भागाचे खरे अवजार म्हणजे कडबाकुट्टी, म्हणजेच कडब्याचे (ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचे) तुकडे करणारे यंत्र. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे आच्छादनाची गरज सुरू होण्याच्या तोंडावरच चिपाडे हाताशी येतात. हातयंत्रात मोठ्या चाकाला पाती बसवलेली असतात; दातेरी रूळ चिपाडे आत ओढतात आणि चाक फिरेल तसे तुकडे पडतात. दोन ते पाच सेंटिमीटरचा तुकडा आच्छादनाला उत्तम. याहून लांब तुकडे वाऱ्याने हलतात, तर अगदी भुगा केला तर त्याचा थर घट्ट बसून पाणी अडवतो. पात्यांची धार कानशीने वेळच्या वेळी लावावी. बोथट पाते चिपाड कापत नाही, चेचते. विजेच्या मोटारीवरचे यंत्र वेगवान असते, पण घरच्या बागेपुरते हातयंत्र पुरते. शेवटची मूठ हाताने आत रेटणे हा अपघाताचा नेहमीचा प्रकार आहे. ती पुढच्या पेंढीच्या जोराने जाऊ द्यावी, सैल पदर व बाह्या आवराव्यात आणि काम नसताना चाक बांधून ठेवावे, म्हणजे मुले ते फिरवणार नाहीत. चांगला कडबा मात्र आधी जनावरांचा. गव्हाणीत उरलेली जाड चिपाडे आणि बुडखे बागेला पुरेसे आहेत, दुष्काळी सालात तर तेवढेच घ्यावेत.

थोड्या मालाला विळा किंवा कोयता आणि लाकडी ठोकळा एवढे चालते. हिरव्या डहाळ्यांना छाटणीची कात्री लागते. डाळिंबाच्या बागांमुळे ती येथे बहुतेकांच्या ओळखीची आहे. बदाम, पिंपळ यांची रुंद पाने अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून बसतात आणि खाली पाणी उतरू देत नाहीत. ती वाळवून पोत्यात भरून काठीने बडवावीत किंवा गवत कापायचे यंत्र त्यांवरून फिरवावे. कडुनिंबाची पाने लहान असल्याने तशीच चालतात.

फांद्यांसाठी श्रेडर, म्हणजे त्यांचा चुरा करणारे यंत्र, येतो. घरगुती विजेचा श्रेडर साधारण तीन-चार सेंटिमीटर जाडीपर्यंतची फांदी घेतो. त्यात फांद्या ओलसर असतानाच घालाव्यात. वाळून टणक झाल्यावर पात्यांवर ताण येतो. एकट्या घराने तो विकत घेणे क्वचितच परवडते. चार-पाच घरांनी किंवा सोसायटीने मिळून घेतला तर वर्षभर कामी येतो.

जमीन आधी भिजवून मगच पाच ते आठ सेंटिमीटरचा थर द्यावा आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. ताजा लाकडी भुसा मातीत मिसळू नये. तो कुजताना जमिनीतील नत्र अडकून पडते. वाळवी दिसली तर थर उकरून माती उघडी करावी. तेल्या रोग पडलेल्या डाळिंबाची छाटणी कितीही बारीक केली तरी आच्छादनात वापरू नये. तो जिवाणूजन्य रोग आहे आणि रोगट अवशेषांतून पसरतो. अशा फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात आणि त्या तोडलेली कात्री पुढच्या झाडाला लावण्याआधी निर्जंतुक करावी.