ढेकूळ, जाळी आणि स्पेस स्टेशन

परवा तासगावला मामाच्या द्राक्षबागेत होतो, अंधार पडता पडता स्पेस स्टेशन वरनं गेलं, न लुकलुकणारा ठळक ठिपका, चार-पाच मिनिटांत गायब. मामाला सांगितलं की ते ताशी 28,000 किमीनं चाललंय, सांगली ते सातारा सरळ रेषेत पंधराएक सेकंद लागतील, तर तो म्हणाला, "मग डिझेल किती जाळत असंल रे?"

जवळजवळ काहीच नाही. ते सतत पृथ्वीकडे पडतच असतं, पण आडवा वेग एवढा की खालची जमीन तेवढीच वळत जाते. पण तिथं 400 किमी उंचीवरही विरळ हवा आहे, ती थोडा थोडा वेग खाते, म्हणून अधूनमधून इंजिन चालवून उंची परत वाढवतात. इंजिन गॅस मागं फेकतं आणि यान पुढं सरकतं, ढकलायला हवा लागत नाही. औषध मारताना पंप सुरू झाला की गन हाताला मागं रेटते ना, तसंच.

मग मामीनं विचारलं, "तिथं गारपीट नसते व्हय?" असते की! जुन्या रॉकेटचे, सॅटेलाइटचे तुकडे. 1983 ला चॅलेंजर या अमेरिकेच्या स्पेस शटलच्या, म्हणजे माणसं नेणाऱ्या यानाच्या काचेला रंगाचा एक कण लागला, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, आणि काचेत खड्डा पडला.

मी एक वाळलेलं ढेकूळ उचलून कुंपणाच्या तारेच्या जाळीवर जोरात मारलं. फुटलं, मागच्या ताडपत्रीवर नुसती माती उडाली, ताडपत्रीला काही झालं नाही. स्टेशनचं कवच असंच आहे, बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मग मोकळी जागा, त्यात बुलेटप्रूफ जॅकेटात असतं तसलं केवलारसारखं कापड, आणि मग खरी भिंत. तुकडा पत्र्यावर आपटून स्वतःच्याच वेगानं फुटतो, आत पोचतो तो पसरलेला चुरा. जाड भिंत लावली असती तर वजन वर न्यायलाच परवडलं नसतं. फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञानं हे 1947 ला सुचवलं, तेव्हा आकाशात एकही सॅटेलाइट नव्हता, मला याचं फार कौतुक वाटतं.

साधारण 1 सेंटीमीटरपर्यंतचा तुकडा कवच झेलतं. 10 च्या वरचे रडारवर दिसतात, स्टेशन बाजूला घेता येतं. मधल्यांचं अवघड आहे, ते नीट दिसतही नाहीत आणि कवचाला पेलतही नाहीत. म्हणून मिसाइलनं सॅटेलाइट फोडायच्या टेस्टचा मला राग येतो. नोव्हेंबर 2021 ला रशियानं तशी टेस्ट केली तेव्हा स्टेशनवरचे सातही जण, त्यात दोन रशियनच होते, परतीच्या यानांत जाऊन बसले, चौघं ड्रॅगनमध्ये, तिघं सोयूझमध्ये.